साडभाऊ आणि दुसऱ्यांची लेकरं

भिण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही. आणि सापडलाच, तर तो हात साडूंनीच घाबरून आधी घट्ट धरलेला असेल. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि तेही मला साडभाऊच म्हणतात. आमचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वतःशी भांडतोय असं वाटत असावं. त्यांचं वावर घाटंजीच्या वाटेवर, कापूस आणि तुरीचं. मुलाच्या शाळेसाठी बिऱ्हाड यवतमाळात, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. सकाळी मोटरसायकलवर शेतात जायचं, दिवेलागणीला परत यायचं. मी इथल्याच एका सरकारी कचेरीत लिपिक. त्यांचा सोहम आणि माझी ओवी एकाच शाळेत, एकाच वर्गात. आणि त्या शाळेचा नियम असा, की चौथीपर्यंतच्या प्रत्येक सहलीला मुलांबरोबर काही पालकांनी जायचं. या एका नियमामुळे मला माझे साडू कळले. नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून माणूस जेवढा कळतो, तेवढ्यावरच आमचं भागलं असतं.

आता कोणाला वाटेल, भित्रा म्हणजे कोणी लुकडासा, घोंगडीत तोंड लपवणारा माणूस असेल. साडभाऊ सहा फुटाला दोन बोटं कमी. कापसाच्या ढिगात निघालेला नाग त्यांनी काठीवर उचलून बांधावर सोडलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि सोडताना त्याला समजावलेलंही ऐकलं आहे, ‘‘जाय बाप्पा, बाया येऊन राह्यल्या वेचाले, कायले तमाशा करतं?’’ राळेगावकडे वाघ फिरतोय अशी बातमी आली आणि गावंच्या गावं दुपारपासून दारं लावून बसली, तेव्हाही हा माणूस एकटा तुरीत उभा होता. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘वाघाले माह्यापाशी काय काम हाये?’’ असा माणूस. पण त्याच्या हातात कोणाचं तरी सात वर्षांचं लेकरू दिलं, की त्या क्षणापासून त्याच्या कपाळावर घाम, ओठ कोरडे, आणि नजर अशी भिरभिरायची, की बघणाऱ्याला वाटावं यानेच ते लेकरू कुठून तरी पळवून आणलंय.

पहिल्या सहलीच्या आधी शाळेत पालकांची बैठक झाली. बाईंनी ठिकाण सांगितलं, वेळ सांगितली, डब्यात काय द्यावं ते सांगितलं आणि ‘‘काही शंका?’’ असं विचारलं. हे विचारायला नको होतं. साडभाऊ उठले. टायर किती जुने आहेत, गाडीचं मागचं दार आतून उघडतं का, वाटेत दवाखाना कुठे-कुठे आहे आणि त्यातला कोणता दुपारी बंद असतो, ड्रायव्हरला चष्मा आहे का, असेल तर तो लावतो का. बाईंनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि पुढची लिहून घेतली. साडभाऊंनी लिहून घेण्यावर भरवसा ठेवला नाही. ते ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला विचारून आले, की यांना नीट झोप लागते का. सहलीच्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी त्याला फोन केला. ‘‘झोप झाली का भाऊ पूर्ण?’’ त्यावर ड्रायव्हर म्हणाला, ‘‘सहापर्यंत झाली असती.’’ ही हकीकत ड्रायव्हरनेच आम्हाला बसमध्ये सांगितली. सगळे पालक हसले. साडभाऊ सोडून. ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याच्या मानेकडे बघत होते, ती डुलते की काय म्हणून.

त्यांच्याजवळ एक भली मोठी थैली असायची. तिच्यात तीन मापांच्या चड्ड्या, उलटीसाठी पिशव्या, लिंबं, हळदीची पुडी, शिट्टी आणि आपण कधी विचारही केला नसेल अशा प्रसंगांसाठी लागणाऱ्या पाच-सहा वस्तू. पण माणूस थैलीवर थांबणारा नव्हता. जानेवारीतली सहल होती, एका टेकडीच्या पायथ्याशी बोरी लगडलेल्या. मुलं तुटून पडली. साडभाऊंनी शिट्टी फुंकली, त्यांच्या गटाची आठ मुलं रांगेत बसवली आणि प्रत्येक बोर स्वतःच्या हाताने फोडून, बी काढून, नुसता गर एकेकाच्या तळहातावर ठेवत गेले. बी घशात अडकेल म्हणून. अर्धा तास हा कारभार चालला. मुलांना बोरं खाण्यातली सगळी मजा बिया थुंकण्यात असते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही; लहानपणी त्यांनी त्याच्या शर्यती जिंकल्या असतील. पण आठव्या मुलाचं जेमतेम होईपर्यंत पहिलं पुन्हा हात पुढे करायचं, आणि त्यांची बोटं बोरांच्या गराने चिकट झाली होती. दुसऱ्या वर्षी धरण पाहायला गेलो. साडभाऊंच्या गटाने धरण पाहिलं ते पार्किंगमधून. ‘‘निळं दिसून राह्यलं नं तिकडं? थेच धरण. पाह्यलं? चला आता बिस्किटं खा.’’ सोहमने नंतर शाळेत धरणाचं चित्र काढलं, त्यात दहा मोटारगाड्या होत्या आणि वर पेन्सिलीने ओढलेली एक निळी रेघ.

पण कळस झाला तो क्षेत्रभेटीला. मुलांना शेती दाखवायची असं ठरलं आणि बाईंनी मोठ्या विश्वासाने साडभाऊंचंच वावर निवडलं. त्यांनी हो म्हटलं आणि आठ दिवस त्यांना अन्न गेलं नाही. विहिरीवर आधी लाकडाच्या फळ्या टाकल्या, त्यावर काटेरी फांद्या, त्यावर पत्रा, आणि पत्र्यावर दगड. मग बैलांची शिंगं दिसायला लागली; बैल भावाच्या वावरात धाडले. गाय लाथ मारेल म्हणून गाय गेली. विळे, कोयते, पावडी, फवाऱ्याचे पंप, औषधाचे डबे सगळं कुलपात. शेवटी शेजाऱ्याचा एक कोंबडा कुंपणावरून येतो आणि टोच मारतो असं त्यांच्या कानावर आलं. कोंबड्यालाही त्या दिवसापुरतं गाव सोडावं लागलं. दोन बस भरून मुलं आली, तेव्हा शेतात पाहण्यासारखं एवढंच उरलं होतं: कापसाची पऱ्हाटी आणि साडभाऊ. ‘‘काका, बैल कुठे आहेत?’’ एका मुलीने विचारलं. साडभाऊ म्हणाले, ‘‘मावशीकडं गेले.’’ मुलीने ‘‘कधी येणार?’’ विचारलं. साडभाऊ म्हणाले, ‘‘तू गेल्यावर, बेटा.’’

या सगळ्यावर मी पोट धरून हसायचो. घरी बायकोला रंगवून सांगायचो, कचेरीत सांगायचो. एकदा मात्र परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर कोणाचं तरी झोपलेलं पोर, आणि त्याचं डोकं खिडकीच्या सळईवर आपटू नये म्हणून मध्ये यांचा तळहात. मी म्हटलं, ‘‘साडभाऊ, एवढं कायले भेता?’’ त्यांनी पोराचं डोकं नीट सावरलं. मग हळूच म्हणाले, ‘‘सोहमले काही झालं, तं मी अन् त्याची माय रडत बसू. आमचं आमच्यापाशी. पण हे दुसऱ्याचं लेकरू हाये. त्याची माय फाटकापाशी उभी राहीन, अन् गाडीतून सारे उतरतीन, अन् थे उतरणार नाई. मंग मी कोणत्या पायरीवरून उतरू, साडभाऊ?’’ मी हसून विषय बदलला. पण त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या आया मला पहिल्यांदाच दिसल्या. माना उंच करून, बसच्या काचांमधून आपापल्या लेकराचं डोकं शोधत होत्या.

मुलं तिसरीत होती तेव्हाची सहल राळेगावच्या बाजूला, रस्त्यापासून आत असलेल्या एका जुन्या महादेवाच्या देवळात होती. उंच जोतं, दगडी पायऱ्या, समोर मोकळं मैदान आणि पायऱ्यांवर सावली धरून असलेला म्हातारा वड. बस मैदानाच्या खाली, उतारावर लावली होती. दीडशे पावलं असतील. साडभाऊ त्या दिवशी थैलीखेरीज खांद्यावर पिवळी ताडपत्री घेऊन आले होते, कापसावर टाकतात ती, जाडजूड. आभाळ स्वच्छ होतं. पालकांनी तिच्यावरून त्यांची पुरेशी थट्टा केली. प्रत्येक पालकाकडे आठ मुलं होती. ओवी माझ्या गटात, सोहम त्यांच्या.

उतरून पाच मिनिटं झाली नसतील, साडभाऊ माझ्या दंडाला धरून कुजबुजले, ‘‘साडभाऊ, वर पाहा.’’

वडाच्या आडव्या फांदीखाली परातीएवढी काळपट पोळी लटकली होती. पाच की सहा. आधी मला ती मधाची पोळी आहेत हेच कळलं नाही. मग पोळ्यांच्या पाठीवरून एक लाट सरकली, वाऱ्याने पाण्यावरून सरकावी तशी, आणि कळलं की तो रंग नाही, माशा आहेत.

‘‘आग्यामोहोळ हाये,’’ ते म्हणाले. ‘‘इथं नाई थांबायचं. बाईले सांगा तुमी. माहं कोणी ऐकत नाई.’’

माझंही एक पाऊल मागे गेलं होतं, हे मी आज कबूल करतो. पण बाई समोर होत्या, तीन-चार पालक ऐकत होते, आणि साडभाऊंच्या भीतीवर विनोद करायची मला सवय लागली होती. मी मोठ्याने म्हटलं, ‘‘बाई, यांचं ऐकलं तर पुढची सहल आपल्याला वर्गातच काढावी लागेल, खिडक्या लावून.’’ सगळे हसले. बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आलेली काळजी त्या हसण्यात निघून गेली. त्या म्हणाल्या, ‘‘आपण काही छेडलं नाही तर माश्या काही करत नाहीत हो.’’ आणि मुलांना देऊळ दाखवायला घेऊन गेल्या.

साडभाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, उन्हात, ताडपत्री पसरली आणि आपली आठ मुलं तिच्यावर बसवली. मुलं कुरकुरली. सावलीत बाकीचे लपाछपी खेळत होते. मग ते वडाजवळ बसलेल्या एका कुटुंबाकडे गेले. ती मंडळी नवसाचे रोडगे करायला आली होती. गोवऱ्या रचून झाल्या होत्या आणि कणकेचे गोळे परातीत तयार होते. साडभाऊ हात जोडून म्हणाले, ‘‘दादा, आग थोडी तिकडं न्या नं. वर मोहोळ हाये. लेकरं हायेत.’’ त्यातला वयस्कर माणूस चिडला नाही, पण हललाही नाही. ‘‘आमी दरसाली इथंच लावतो, बावा. देवाची जागा हाये, माशी काही करत नाई.’’ आणि त्याने गोवऱ्यांना काडी लावली.

साडभाऊ परत येताना मी पाहिलं, ते आग बघत नव्हते, धूर बघत होते. धूर सरळ वर, वडापासून दूर जात होता. कदाचित दहा मिनिटं. मग वारा फिरला.

आधी आवाज आला. लांबून ट्रॅक्टर यावा तसा. मी रस्त्याकडे बघितलंसुद्धा. मग पायऱ्यांवरचा उजेड मंद झाल्यासारखा वाटला आणि रोडगे करणाऱ्यांतली एक बाई किंचाळली. मी ‘‘पळा!’’ म्हणून ओरडलो. हे मला नक्की आठवतं, कारण ओरडलो तेव्हा मी आधीच पळत होतो. कानाला एक माशी लागली, निखारा टेकवावा तशी. मानेवर दुसरी. माझ्यामागे कोणाची तरी पावलं वाजत होती. ती कोणाची, किती जणांची, हे मी वळून पाहिलं नाही. बसमध्ये शिरलो, मागून तीन मुलं शिरली, मी दार ओढून घेतलं. ड्रायव्हर मागच्या सीटवर आडवा झाला होता, तो धडपडत उठला. ‘‘काचा लावा!’’ मी म्हणालो. काचा लागल्या. मग मी माझी मुलं मोजली. तीन. ओवी नव्हती.

माझा हात दाराच्या कडीवर होता. खाली बघितलं की तो हात मला दिसत होता आणि तो कडी उघडत नव्हता. बाहेर काचेवर माशा टपटप आपटत होत्या. मी माझ्या पोरीचं नाव घेऊन ओरडलो, बंद काचेच्या आतून. तिला ते ऐकू गेलं नसणार.

काचेतून दिसलं ते असं. बाई आणि दुसरे पालक जवळच्या मुलांना घेऊन गाभाऱ्यात शिरले होते आणि दार लोटलं होतं. साडभाऊंची आठ मुलं ताडपत्रीखाली पालथी पडलेली. आणि साडभाऊ पायऱ्यांच्या दिशेने धावत होते. वडाकडे. त्यांनी ओवीला उचललं, दुसऱ्या एकीला बगलेत मारलं, तिघांना पुढे घालून ढकलत, ‘‘हात तोंडावर! हात तोंडावर!’’ असं ओरडत मैदान पार केलं आणि पाचही जणांना त्या पिवळ्या कापडाखाली कोंबलं. तेरा मुलं झाली. आता खाली जागा नव्हती. ते वरून आडवे पडले, हातपाय फाकवून, कडा दाबून धरायला. सदऱ्याचा मागचा भाग डोक्यावर ओढून घेतला होता, त्यामुळे पाठ उघडी पडली होती. थोड्या वेळाने ती पाठ काळी दिसायला लागली.

‘‘साहेब, गाडी वर घेतो,’’ ड्रायव्हर म्हणाला. हे मला सुचायला हवं होतं. त्याने दुपट्टा तोंडाला गुंडाळला, गाडी चालू केली आणि उलटी, रेस देत, काळा धूर ओकत मैदानावर चढवली. ताडपत्रीपाशी आलो तेव्हा इंजिनच्या आवाजातून साडभाऊंचा आवाज आला. ते खालच्या मुलांशी बोलत होते. ‘‘हायेत नं सारे?’’ आणि कापडाखालून रडत-रडत, एकसुरात, वर्गात म्हणतात तसं, ‘‘हाओ!’’ पुन्हा, ‘‘हायेत नं?’’ ‘‘हाओ!’’

धुराने माशा थोड्या पांगल्या. ड्रायव्हरने दार उघडलं, साडभाऊंनी ताडपत्रीचं एक टोक दारापर्यंत उचलून धरलं आणि मुलं तिच्याखालून रांगत आत आली. ओवी तिसरी आली. मी तिला ओढून घेतली. तिच्या कानामागे आणि मनगटावर डंख होते, बाकी काही नाही. सगळ्यात शेवटी साडभाऊ. त्यांचे डोळे सुजून मिटले होते. दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मुलांच्या डोक्यांना हात लावून मोजलं. तेरा झाल्यावर चेहरा माझ्या दिशेला वळवला. ‘‘तुमच्यापाशी किती, साडभाऊ?’’

‘‘तीन,’’ मी म्हणालो.

‘‘मंग झाले सोळा,’’ ते म्हणाले आणि दोन सीटांच्या मध्ये खालीच बसले. मग कलंडले.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता मला आठवतो तो ड्रायव्हरच्या हॉर्नचा आवाज म्हणून. ड्रायव्हरने फोन केला होता, मागून जीपगाड्या जाऊन देवळातली मुलं आणि रोडगेवाली मंडळी सुखरूप घेऊन आल्या. मुलांना कोणाला दोन, कोणाला चार डंख. साडभाऊंच्या पाठीतले काटे नर्सबाई चिमट्याने काढत होत्या. साठपर्यंत त्यांनी मोजले, मग नुसत्याच काढत राहिल्या. श्वास घेताना साडभाऊंच्या छातीतून शीळ वाजत होती. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, मग दुसरं, आणि आम्हाला बाहेर उभं केलं. बाहेरच्या बाकावर मी दोन तास बसलो. आयुष्यात मला खरी भीती काय असते ते त्या बाकावर कळलं, आणि ती माशांची नव्हती. दार उघडून कोणी काही सांगेल याची होती. आणि माझी मेहुणी येईल, तिला मी काय सांगेन याची.

मेहुणी आली, माझी बायकोही आली. साडभाऊंना बोलता यायला लागलं होतं. चेहरा असा सुजला होता की सोहम बापाला ओळखून घाबरला आणि न ओळखूनही. ओवी माझ्या मांडीवर होती. तिने कॉटकडे पाहत, अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘‘बाबा, तुम्ही कुठे होता?’’

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. आणि मी तोंड उघडायच्या आत त्या सुजलेल्या ओठांतून उत्तर आलं.

‘‘म्याच धाडलं तुह्या बाबाले, बेटा. म्हटलं, साडभाऊ, मी लेकराईले पाहातो, तुमी पळा अन् गाडी आणा. गाडी नसती आणली, तं काय झालं असतं?’’

ओवीला ते पटलं. सगळ्यांना पटलं. सासुरवाडीला ते कळलं तोवर गोष्टीत बस मीच चालवत आणली होती. प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनानंतर शाळेने आम्हा दोघांना शाल आणि श्रीफळ दिलं. साडभाऊंनी टाळ्यांना घाबरून मान खाली घातली होती. मी शाल घेतली. नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. ड्रायव्हर प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत होता. टाळ्या वाजवत होता. तो कधी काही बोलला नाही. मला वाटतं, साडभाऊंनी त्यालाही जाऊन काहीतरी सांगितलं असावं.

डॉक्टरांनी साडभाऊंना ताकीद दिली, की यापुढे थोड्या माशा चावल्या तरी जिवावर बेतेल. तेव्हापासून त्यांना कोणी सहलीला नेलं नाही. चौथीच्या सहलीला मी एकटा गेलो. दिवसभर झाडांच्या फांद्या बघत होतो, पाणी बघत होतो, ड्रायव्हरची मान बघत होतो, आणि मुलं मोजत होतो. एका तरुण बापाने माझ्याकडे बघून दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मी ते पाहिलं आणि पुन्हा मोजायला लागलो. आता मुलं सहावीत आहेत. सहावीच्या सहलीला पालक लागत नाहीत. ती आम्हाला बसच्या आसपासही उभं राहू देत नाहीत.

या डिसेंबरात, सहलीची बस गेल्यावर, मी साडभाऊंबरोबर त्यांच्या वावरात गेलो. दोघांनाही घरी बसवेना. ते मोबाईल दर दहा मिनिटांनी काढून बघत होते. वेचणीचे दिवस, पऱ्हाटी पांढरी झालेली. बांधावर बसलो असताना मी एकदम म्हणालो, ‘‘साडभाऊ, तुम्ही मला गाडीकडे धाडलं नव्हतं.’’

ते मोबाईल पुसत राहिले. ‘‘नाई धाडलं.’’

‘‘मग काहून सांगितलं तसं?’’

‘‘पोरगी विचारून राह्यली होती,’’ ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, ‘‘तुमाले काय वाटते, मी काय हिंमतीनं थांबलो तिथं? मले काय भेव नाई लागलं? माह्ये पाय गेले होते, साडभाऊ. भेवानं गळून गेले. उभंच राहता येत नव्हतं, म्हणून पडलो ताडपत्रीवर. पळता आलं असतं, तं तुमच्या आंधी गाडीत असतो मी. तुमचे पाय चांगले, तुमी पळाले. त्यात काय हाये?’’

मी काचेतून पाहिलं होतं. ते गळालेले पाय वडापर्यंत गेले होते आणि माझ्या पोरीला घेऊन परत आले होते. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मी पाहिलं हेही त्यांना माहीत असावं. ते बोलून दाखवलं असतं, तर त्यांनी दिलेलं परत केल्यासारखं झालं असतं.

ते उठले, कमरेला कापूस टाकायची ओटी बांधली आणि ओळीत शिरून बोंडं वेचायला लागले. मला वेचणं येत नाही; आयुष्य कचेरीत गेलं. मीही एक ओटी बांधून शेजारच्या ओळीत उतरलो. माझ्या कापसात वाळला पाला येत होता, बोटांना बोंडाच्या कडा टोचत होत्या. साडभाऊंनी एकदा माझ्या ओटीत डोकावून पाहिलं, दोन-तीन पानं काढून टाकली आणि माझ्याच वेगाने, सावकाश, पुढे सरकत राहिले. ऊन उतरेपर्यंत आम्ही तसेच वेचत होतो, शाळेच्या फोनची वाट बघत.